तोंडाला फेस लागला की

सिस्टरनी तात्यांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला, तर खळगा तसाच राहिला. महिन्यापूर्वी याच दवाखान्यातून तात्या धडधाकट पायांनी घरी गेले होते. हृदयाचा जोर कमी पडला की अंगात पाणी साठतं, ते लघवीवाटे काढणारी गोळी रोज सकाळी न चुकता घ्यायची, असं त्यांना तेव्हाच नीट समजावलं होतं.

गोळी घेता ना, असं सिस्टरनी विचारलं. तात्यांनी मान डोलावली. बायकोने मात्र पिशवीतून दाढीच्या पात्यांची जुनी डबी काढून टेबलावर उघडली. आत पांढऱ्या गोळ्याच गोळ्या.

"दुकानात गेल्यावर घेतो म्हणायचे," ती म्हणाली. "आज मी दुकानात केर काढायला गेले, तर हे सापडलं."

चोरी पकडली गेल्यावर तात्यांनी सगळं सांगून टाकलं. वडिलांनी वस्तरा हाती देताना एकच दंडक घालून दिला होता: गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लागला की खुर्ची सोडायची नाही. चाळीस वर्षं तो पाळला. आणि ही गोळी घेतली की सारखं लघवीला पळावं लागायचं, तेही गल्लीच्या पार टोकाला. आता आडवं झालं की धाप लागायची, तीन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नव्हती, तरी दंडक मोडवत नव्हता.

आता आपली खरडपट्टी निघणार, अशी त्यांची खात्रीच होती. सिस्टर उठल्या, डॉक्टरांशी बोलून आल्या.

"गोळी पहाटेच घ्या. दुकान उघडेपर्यंत जोर बराच ओसरेल," त्या म्हणाल्या. "तरी लागलीच, तर गिऱ्हाइकाला सांगून जायचं. तुम्ही पुन्हा इथे येऊन पडलात, तर त्यांची दाढी कोण करणार?"

रागावण्याऐवजी त्यांनी दुकानाची वेळ विचारात घेतली, यानेच तात्यांना भरून आलं.

दहा दिवसांत सूज उतरली. तात्या एका उशीवर गाढ झोपू लागले. अकराव्या दिवशी मास्तर दाढीला आले. हे वीस वर्षांचं गिऱ्हाईक, पण पाच मिनिटं उशीर झाला तर आठवडाभर बोलून दाखवणारं. एक गाल झाला आणि तात्यांना लागली. त्यांनी कळ काढून पाहिली. शेवटी त्यांनी वस्तरा खाली ठेवला.

"मास्तर, हृदयाची गोळी चालू आहे. मला जरा जाऊन यावं लागेल."

"जा की," मास्तर डोळेही न उघडता म्हणाले. "मी या अवतारात कुठे पळून जाणार?"

तात्या परतले तेव्हा दुसऱ्या गालावरच्या फेसाने वाळून पापुद्रा धरला होता, आणि मास्तर दारातल्या नव्या गिऱ्हाइकाला समजावत होते, "बसा, तात्या येतायत. घाई करायची नाही."

 तात्यांनी गरम पाणी घेतलं, पातं बदललं आणि सावकाश, नव्याने फेस लावला. मास्तरांनी मान मागे टाकली आणि गळा पुढे केला.