संत्र्याची साल

"बाबा, तुम्ही नुसते बसा हं," असं सूनबाई शेल्बी म्हणाली, तेव्हा व्हर्नर हालव्हर्सनचा एक पाय अजून उंबऱ्याबाहेरच होता.

बिचारी प्रेमानंच म्हणाली. पण व्हर्नरला त्या 'बसा' शब्दाचा वीट आला होता. ओवाटोना गावच्या रस्त्यांवरचं बर्फ त्यानं जन्मभर नांगराच्या गाडीनं बाजूला सारलं. तेव्हाही बसूनच होता म्हणा, पण तो बसल्याशिवाय गाव हलत नसे. वसंतात तो निवृत्त झाला आणि जो तो त्याला खुर्ची सरकवायला लागला. बँकेत बसा, चर्चमध्ये बसा, न्हाव्याकडे नंबर आला असला तरी अजून थोडं बसा. आता भल्या पहाटे नांगराची गाडी खालून गेली की व्हर्नर खिडकीत उभा राहून तिच्यावरच्या नव्या पोराच्या नावानं बोटं मोडायचा. तेवढंच काम उरलं होतं.

तेवढंच आणि आणखी एक. थँक्सगिव्हिंग या कृतज्ञतेच्या सणाच्या जेवणात क्रॅनबेरीच्या आंबटगोड जेलीचा डबा त्याच्याकडे असायचा. लालभडक जेली डब्यातून ताटलीत सबंध उतरवायची, डब्याच्या वळ्या अंगावर जशाच्या तशा उठलेल्या, कुठं ओरखडा म्हणून नाही. व्हर्नरची जेली कधी मोडली नव्हती. सुळ्ळकन उतरून ती थरथरायला लागली की सगळं टेबल टाळ्या वाजवायचं, आणि व्हर्नर कॉलर ताठ करायचा.

पण यंदा जेवण मुलाकडे, कर्टकडे होतं. म्हातारा-म्हातारी दोन खोल्यांत राहायला गेली होती. तिथं सणाचा टर्की पक्षी ठेवला असता तर माणसं बाहेर ठेवावी लागली असती.

"डबा घरीच राहू दे," बायकोनं, अर्लीननं, निघताना बजावलं होतं. "शेल्बीनं ताज्या क्रॅनबेरी शिजवल्यात. संत्र्याची साल किसून घातलीय. तिचं पहिलंच वर्ष आहे, उगीच नाक खुपसू नकोस."

"मी कशाला खुपसू?" व्हर्नर म्हणाला आणि डबा कोटाच्या आतल्या खिशात सारला.

कोट नगरपालिकेचा, भडक नारिंगी, आतबाहेर लोकर पिंजून आलेला. नोकरी परत केली, कोट नाही केला.

शेल्बीच्या स्वयंपाकघरात टर्की भट्टीत होती, बटाटे उकळत होते, बीन्स कुठं होते ते शेल्बीलाच ठाऊक. "बटाटे चेचू का?" "बसा ना बाबा." "चाकूला धार लावू?" "बाबा!" व्हर्नर कोचावर कर्टशेजारी जाऊन बसला. टीव्हीवर फुटबॉल चालला होता आणि कर्ट तोंड उघडं टाकून घोरत होता. त्याला कुणी बसवलं नव्हतं, तो आपखुशीनं पडला होता.

शेल्बीची पाठ वळली तसा व्हर्नर ओपनर शोधायला खणांत घुसला. लसूण चिरडायचं यंत्र होतं. अंड्याच्या चकत्या करायचं होतं. एक तर असं होतं की त्यानं दात काढायचे की गाजरं सोलायची, कळेना. डबा उघडायचं मात्र काही नाही. डब्यातलं खायचंच नाही, तर ओपनर कशाला ठेवतील?

"काय शोधताय?"

"चमचा," व्हर्नर दचकून म्हणाला.

शेल्बीनं चमचा दिला. तो घेऊन तो कोचावर बसला. थोड्या वेळानं पुन्हा खणाशी सापडला.

"आता काय?"

"चमचा परत ठेवत होतो."

"व्हर्नर," अर्लीन बटर फासता फासता म्हणाली, "जरा बाहेर हवा खाऊन ये."

बाहेरची हवा दात वाजवणारी होती, पण व्हर्नर खुशीत कोट चढवून निघाला. शेजारच्या डेल्बर्टच्या गॅरेजात दिवा दिसला. डेल्बर्ट हाही निवृत्त, एकेकाळचा नळवाला. घडीच्या खुर्चीवर, मांडीवर घोंगडी घेऊन बसला होता आणि समोरच्या फळीवर भट्टीतून निघालेल्या भोपळ्याच्या गोड पाई थंड होत होत्या.

"तुला पण बसवलं?" व्हर्नरनं विचारलं.

"पाई राखायला ठेवलंय."

"कुणापासून?"

"बहुतेक माझ्यापासूनच," डेल्बर्ट म्हणाला. त्याच्या मिशीला भोपळा लागला होता.

डेल्बर्टच्या मासे धरायच्या सामानाच्या पेटीत ओपनर निघाला. व्हर्नरनं डब्याचं वरचं झाकण कापलं आणि खिळा घेऊन बुडाला बारीकसं भोक पाडलं. सगळी गोम त्या भोकात होती. हवा आत शिरली की जेली एका दमात निसटते. ताटलीपर्यंत भोकावरचा अंगठा मात्र हलवायचा नाही.

"इथंच काढ की. बघू तरी," डेल्बर्ट म्हणाला.

"टेबलावर. सगळ्यांसमोर," व्हर्नर म्हणाला. मग जरा ओशाळून म्हणाला, "डेल्बर्ट, हे गेलं ना, तर माझ्याकडे सांगण्यासारखं कायच राहत नाही बघ."

डेल्बर्ट हसला नाही. त्यानं पाईचा एक तुकडा कापून दिला.

डबा आतल्या खिशात, हात कोटात, अंगठा भोकावर, अशा थाटात व्हर्नर बर्फावरून तुरूतुरू परतला. मागच्या पायरीवर शेल्बी उभी. अंगात कोट नाही, कपड्यांवर नुसता एप्रन, नाक लाल, आणि ती हमसून हमसून रडत होती.

"काय झालं गं पोरी?"

"क्रॅनबेरी जमलीच नाही! साच्यातून काढली तर सूप झालं तिचं! टेबलभर पसरली. आईंच्या टेबलक्लॉथवर, बाबा! त्यांच्या लग्नातल्या! त्या आतल्या खोलीत कपडे बदलतायत, अजून पाहिलं नाही!" तिनं नाक ओढलं. "मला सगळं एकटीनं करून दाखवायचं होतं. तुम्हाला दोघांना जरा आराम... तुम्ही आत जा. बसा."

पोरगी रडतानाही बसाच म्हणाली. पण व्हर्नरला राग आला नाही. ती कुडकुडत होती. त्यानं मागचापुढचा विचार न करता कोट काढला आणि झटक्यात तिच्या खांद्यांवर टाकला.

अंगठा!

कोट फिरला, खिसा उलटा झाला आणि लोकरीवरून सुळ्ळ् करत काहीतरी खाली घसरलं. शेल्बीनं घाबरून दोन्ही हात पुढं केले. धप्प!

तिच्या ओंजळीत क्रॅनबेरी होती. सबंध. वळ्या जशाच्या तशा. थरथरत होती.

व्हर्नरच्या तोंडचं पाणी पळालं. चोरी पकडली गेली, शिवाय टाळ्या वाजवायला कुणी नाही.

"हे तुम्ही... खिशात घेऊन आलात?"

"जुनी खोड आहे," तो पुटपुटला. "टाकून दे."

शेल्बीच्या पोटातून आधी उचकी आली, मग हसू आलं, मग ते आवरेना. ती हसली तशी जेलीही गदगदली आणि एका कडेला कलायला लागली.

"बाबा, निसटतेय! उभे काय राहिलात? ताटली आणा! पळा!"

व्हर्नर पळाला. गुडघ्यांचं ऑपरेशन झालेला माणूस असा पळाला की कोचावरचा कर्ट जागा होऊन "गोल?" म्हणाला. ताटली आली. मग "बटाटे चेचा!" आलं, "टर्की बाहेर काढा, नाही, थांबा, आता काढा!" आलं, "तो टेबलक्लॉथ आईंनी बघायच्या आत भिजत घाला!" आलं. व्हर्नरच्या कपाळावर घाम आला आणि तो शीळ घालायला लागला.

जेवायच्या आधी टेबलाभोवती एकेकानं आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत ते सांगायचं होतं. कर्ट नोकरीबद्दल बोलला, अर्लीन तब्येतीबद्दल. व्हर्नरची पाळी आली तसा तो उठला.

"बसून सांग की," अर्लीन म्हणाली.

"उभ्यानंच सांगतो." "आज मला कुणीतरी पळ म्हणालं. त्याबद्दल."

कुणाला काही कळलं नाही. शेल्बी खाली मान घालून क्रॅनबेरीच्या चकत्या कापत होती.

अर्लीननं आपली चकती काट्यावर उचलली, दिव्यासमोर धरली आणि भुवया आक्रसल्या. "यात हे नारिंगी काय आहे गं?"

व्हर्नरची नजर दाराशी टांगलेल्या पिंजलेल्या कोटाकडे गेली.

"संत्र्याची साल, आई," शेल्बी म्हणाली. "बाबांनी किसली."