काउंटेसचा वरचा सूर

हर्मीना ट्राउनरच्या गळ्यात एका खेळाला एकदाच लागेल असा एकच वरचा सूर उरला होता. व्हिएन्नाजवळच्या बाडेनच्या उन्हाळी थिएटरात हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त प्रेक्षकांना आणि तिच्या नवऱ्याला.

'तोकाईची काउंटेस' या ऑपेरेटात, म्हणजे हलक्याफुलक्या संगीत नाटकात, ती काउंटेस व्हायची आणि मी तिची लठ्ठ आत्या. आमच्या धंद्यात करार होतो तोच मुळी एका साच्यासाठी. कुणी नायिका, कुणी अवखळ मोलकरीण, कुणी विनोदी म्हातारी. मी तिशीतच विनोदी म्हातारी झाले, कारण देवाने चेहराच तसा दिला. त्याचं मला काही वाटत नाही असं मी सगळ्यांना सांगते. हर्मीनाने पंचेचाळिशी ओलांडली तरी ती नायिकाच होती, आणि आत्याचा झगा चढवण्यापेक्षा तिने मरण पत्करलं असतं. हे ती मला खेळ संपल्यावर माझ्याच आरशासमोर बसून ऐकवायची. "झेन्झी, तुझं बरं आहे बाई. तुला गमवायला काही नाहीच."

दुसऱ्या अंकात काउंटेस द्राक्षाच्या मळ्यात एकटीच वॉल्ट्झ, म्हणजे नाचाच्या ठेक्यातलं गाणं, गाते आणि शेवटी तो वरचा सूर लावते. त्यासाठी हर्मीना सकाळपासून तोंड उघडायची नाही. कॉफीसुद्धा पाटीवर लिहून मागायची. भर जुलैत गळ्याला लोकरीचा पट्टा. मग सूर लागायचा आणि लोक वेडे व्हायचे. पण गाणं आवडलं की आमच्याकडे 'दा कापो'चा पुकारा होतो, म्हणजे वन्समोअर. आणि तो मिळाला की गावंच लागतं. नाही म्हणणं म्हणजे प्रेक्षकांच्या तोंडावर दार आपटणं. म्हणून वाद्यवृंदाचे संचालक झेड्लाचेक युक्ती करायचे. तिचा सूर संपतो न संपतो तोच काठी उचलून शिपायांचं कवायतगीत सुरू करायचे. शिपाई बूट आपटत रंगमंचावर यायचे आणि त्या दणदणाटात टाळ्या बुडून जायच्या. म्हातारा मनाने चांगला होता.

त्या ऑगस्टात बातमी आली की रविवारी दुपारच्या खेळाला व्हिएन्नाच्या एका मोठ्या थिएटरचे डायरेक्टर येणार. त्यांना हिवाळ्यासाठी नायिका हवी होती. हर्मीनासाठी ही शेवटची संधी होती. आमच्या मॅनेजरने तिला सांगूनच टाकलं होतं की पुढच्या उन्हाळ्यात काउंटेस गुस्ती करणार. गुस्ती म्हणजे आमची मोलकरीण. नाटकातली, आणि जिभेला साखर लावून फिरणारी.

शनिवारी हर्मीनाचा नवरा ओट्टोकार कॅफेच्या बागेत माझ्या टेबलाशी येऊन बसला. निवृत्त पोस्टमास्तर. बायकोचे बूट स्वतः पुसायचा आणि त्याचा त्याला अभिमान होता. इतकं प्रेम माझ्या वाट्याला कधी आलं नाही, आणि पुढे जे पाहिलं त्यावरून आलं नाही ते बरंच झालं.

"झेन्झीबाई, तो झेड्लाचेक दर वेळी मिनाच्या टाळ्या खातो," तो म्हणाला. "उद्याही खाल्ल्या तर डायरेक्टरला वाटेल लोकांना गाणं आवडलंच नाही."

शेजारच्या टेबलावर गुस्ती केक खात होती. ती खुर्चीसकट इकडे सरकली.

"खातो काय, जळतो तो तिच्यावर," ती म्हणाली. "पोस्टमास्तरसाहेब, व्हिएन्नात तीनदा दा कापो झाल्याशिवाय गाण्याला गाणं म्हणत नाहीत. तुम्ही वोंद्राकला का नाही सांगत?"

वोंद्राक म्हणजे भाडोत्री टाळ्यावाल्यांचा मुकादम. त्याची माणसं वरच्या गॅलरीत बसायची आणि ज्याने खिसा हलका केला त्याच्यासाठी ओरडायची.

"काही नको," मी म्हटलं. "एकदाच ऐकलं की गोडी राहते."

"मावशीला कुणी कधी पुन्हा गा म्हटलंय का?" गुस्ती हसली. "त्यांना नका विचारू हो असलं."

ओट्टोकारही हसला. मला राग आला, पण त्याला खरं काय सांगणार? तुझ्या बायकोचा गळा संपलाय, हे ऐकून तो तिच्याकडेच धावला असता आणि त्या रात्रीच ती खचली असती. मी उठून झेड्लाचेकना गाठलं आणि सगळं सांगितलं. "माझ्या हातात काठी आहे ना?" ते म्हणाले. तोवर ओट्टोकारने वडिलांचं सोन्याचं घड्याळ वोंद्राकच्या हातावर ठेवलंही होतं. "मिनाला कळू देऊ नका हं," त्याने मला बजावलं. "तिला अचानक कळायला हवं, लोक तिच्यावर किती जीव टाकतात ते."

रविवारी तिचा सूर असा लागला की विंगेत सुतारसुद्धा थांबले. झेड्लाचेकनी काठी उचलली. शिपाई आत आले. पण गॅलरीतून असा गदारोळ उठला की कवायतगीत कुणाला ऐकूच येईना. "दा कापो! दा कापो!" शिपाई गोंधळले, एकमेकांच्या तलवारींत अडकत मागे फिरले. झेड्लाचेकनी हर्मीनाकडे पाहिलं. तिने मानेनेच हो म्हटलं. दुसरं काय करणार होती?

पहिल्या वन्समोअरला सूर बारीक झाला, पण टिकला. दुसऱ्याला तिने ऐन वेळी पाठ फिरवून हातपंख्याआड चेहरा घेतला आणि बासरीने तिला सावरून घेतलं. तिसऱ्याला गाताना तिच्या मानेच्या शिरा मला विंगेतून दिसत होत्या. सूर आला आणि मधोमध फाटला. मान मुरगळलेल्या कोंबडीसारखा आवाज झाला.

तिचा हात वरच, तोंड उघडंच. मग कुणीतरी फिसकन हसलं, आणि बघता बघता सगळं थिएटर हसायला लागलं. बॉक्समध्ये डायरेक्टर रुमालाने डोळे पुसत होते. लोकांना वाटलं हा विनोदच आहे, तीन वेळा गाऊन मुद्दाम रंगवत आणलेला. आणि चौथा दा कापो आला तो खराखुरा होता. त्याला वोंद्राकची गरज नव्हती.

हर्मीनाने विंगेत माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी विसरले नाही. मग तिने एक हात कमरेवर ठेवला, पोट पुढे काढलं, पाय फाकवले. माझी उभं राहायची ढब. आणि यावेळी सूर तिने स्वतःच फाडला.

पडदा पडल्यावर डायरेक्टर आत आले. "बाई, नायिका मला गल्लोगल्ली मिळतात," ते म्हणाले. "असं हसवणारी म्हातारी मिळत नाही. हेच गाणं, अस्संच, रोज." तिने विचार करायला एक दिवसही मागितला नाही. इथे काउंटेस गुस्तीची झालीच होती. ज्या जागेसाठी मी वीस वर्षं व्हिएन्नाकडे डोळे लावून बसले होते ती तिला मिळाली, आणि मला तिचा हेवासुद्धा धड करता येईना.

ओट्टोकार गुलाब घेऊन आला. "मिना, अशी गंमत करणार होतीस तर मला सांगायचंस की."

"तुला अचानक कळायला हवं होतं," ती म्हणाली.

हिवाळ्यात एका रविवारी दुपारी मी व्हिएन्नाला तिचा खेळ पाहायला गेले. ओट्टोकारने पहिल्या रांगेत शेजारी बसवलं. तो एकही खेळ चुकवत नव्हता. पोस्टरवर तिचं नाव मोठं होतं आणि खाली चित्रात तिचं तोंड उघडं काढलेलं.

ती आली, पोटाला उशी बांधून, नाकावर लाल रंग. माझाच झगा वाटला मला. तिने वॉल्ट्झ सुरू केला. लोक आधीपासूनच हसायच्या तयारीत बसलेले. शेवट आला, तिने तोंड उघडलं, आणि तो वरचा सूर शुद्ध लागला.

महिनोन्महिने तो तिने लावलाच नव्हता. गळ्याला आयती विश्रांती मिळाली होती. असा भरलेला, असा सरळ सूर मी तिच्या तरुणपणीही ऐकला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. उशी बांधलेली ती बाई स्वतःच चकित होऊन तो धरून उभी होती आणि त्या लाल नाकाखाली तिचा चेहरा उजळला होता.

कुणी हसलं नाही. कुणी टाळीही वाजवली नाही. मागे कुणीतरी खोकलं. दुसऱ्या रांगेतला एक जण बायकोला म्हणाला, "एवढंच? यासाठी आलो आपण?" विंगेत डायरेक्टर हात बांधून उभे होते.

"चुकलं बिचारीचं," ओट्टोकार माझ्या कानात कुजबुजला. "बरं नसेल आज." आणि मी त्याचा हात धरायच्या आत तो उठून उभा राहिला. बायकोला सावरून घ्यायला, चूक सुधारायची संधी द्यायला, सगळ्या थिएटरला ऐकू जाईल असं तो ओरडला, "दा कापो!"

तिने त्याच्याकडे पाहिलं. मग हात कमरेवर ठेवला, पाय फाकवले, पुन्हा पहिल्यापासून गायली आणि शेवटी सूर फाडला. लोक पोट धरधरून हसले.

"आता कसं," ओट्टोकार खाली बसत म्हणाला आणि डोळे पुसायला लागला.