कांचनाचं पान

पीरमहंमदने पान हातात घेतलं, उलटं केलं, मधल्या शिरेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला,

"हा कांचन हाय. आपटा न्हाई."

दारात उभ्या असलेल्या गहिनीनाथाचा हात तसाच पुढे राहिला. दसऱ्याची संध्याकाळ होती. "सोनं घे, पिऱ्या," एवढंच तो म्हणाला होता, आणि तेवढं म्हणायला त्याला अख्खा पावसाळा लागला होता.

"असंल," गहिनीनाथ म्हणाला आणि पान परत घेऊन पायऱ्या उतरून गेला.

पीरमहंमदची बायको सरवरी चुलीपासून उठून आली. "माणूस तंटा मिटवायला आल्ता. अन् तुमी त्याचं पान तपासत बसला?"

संगमनेरच्या एका विडी कारखान्यासाठी पानं पारखण्यात पीरमहंमदचा जन्म गेला होता. असला माणूस नवऱ्या मुलाच्या मुंडावळ्याही उलटून बघेल. यंदा लढाईपायी टेंभुर्णीच्या पानांच्या रेल्वे-वाघिणी येईनात, म्हणून मालकाने विड्यांसाठी आसपासच्या डोंगरांतला आपटा खुडायला लावला होता. आपटा आणि कांचन म्हणजे सख्खे भाऊ, दोघांचंही पान मधोमध दुभंगलेलं. पण आपट्याचं आखूड, जाड, पाठीवर बारीक लव असलेलं. कांचनाचं मोठं आणि पातळ, विडी वळताना चिरणारं. आखाडात गहिनीनाथाच्या बायकोचा, कडूबाईचा, अख्खा भारा पीरमहंमदने चारचौघांत परत केला होता. भाऱ्यात कांचन मिसळलेला होता, त्यात खोटं काही नव्हतं. पण लहानपणापासून त्याला 'पिऱ्या' म्हणणारा दोस्त त्या दिवसापासून बोलेनासा झाला.

रात्री पीरमहंमदला घास गेला नाही. सकाळी तो डोंगराकडे निघाला. आपट्याची चांगली डहाळी घेऊन गहिनीनाथाच्या दारात जायचं आणि चुकलो म्हणायचं, असं त्याने ठरवलं होतं.

डोंगरावर आपटा होता, पण त्याला पान नव्हतं. झाडामागून झाड ओरबाडलेलं. पानं खुडणाऱ्या बायांनी रोपटीसुद्धा सोडली नव्हती. 'एक पान मागं ठेवायचं न्हाई' असं त्यांना बजावणारा तोच होता. वर कड्यापाशी तेवढा कांचन हिरवागार उभा होता.

उतारावर कडूबाई सरपण गोळा करत होती. त्याला बघून तिने पदर सावरला.

"काय हुडकताय?"

"आपटा."

"त्यो कुटं ऱ्हायलाय आता? ह्ये बी काल दिसभर हितंच हिंडले. शेवटाला कांचन घेतला. मी म्हनलं, पीरभाई लगेच वळखत्याल. तर म्हनले, वळखू दे की. हसंल आन् घेईल."

पीरमहंमद तिथेच एका दगडावर टेकला. आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी लाज त्याला वाटली. कडूबाई मोळी उचलून निघून गेली तरी तो बसूनच होता.

मग त्याने कांचनाचीच डहाळी मोडली.

गहिनीनाथ अंगणात दोर वळत बसला होता.

"सोनं घे, गहिनी."

गहिनीनाथाने दोर बाजूला ठेवला. पान दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, गावातल्या कुणाचंही घ्यावं तसं.

"दसरा काल झाला, पीरभाई," तो म्हणाला. "बसा. सुनंला च्या टाकाया सांगतो."