गडाची वही

"भाऊ, हे तुयं तूच ठेव," असं म्हणत शकुनबाईने वही इश्वरच्या पुढ्यात टाकली आणि सूप मांडीवर ओढून ती पुन्हा विड्या वळायला लागली.

संक्रांत होऊन आठ दिवस झाले होते. धान घरात आलं होतं, आणि दिघोरीतल्या बायका पुन्हा तेंदूपत्त्याकडे वळल्या होत्या. इश्वर कापगते लाखनीहून दोन एसट्या बदलून बहिणीकडे आला होता. हातपाय धुऊन तो ओसरीत टेकतो न टेकतो तोच वही परत आली होती. दोनशे पानी वही. चार महिने रोज ऑफिसातून आल्यावर त्याने ती लिहिली होती.

"काहून? काय झालं?"

"काय होते? तू पहिल्याच पानावर लिवलं, पाचही जणी मोठ्या दरवाज्यातून आत गेल्या. मालनबाई म्हणे, दरवाज्यातून कोण जाते? तिथं पहारा असन. मी मागून चढीन. आता मी काय सांगू तिले? तुया वहीत गडाची मागची बाजूच नाई."

"मंग सांगायचं होतं, मागून वाट नाई म्हणून."

"सांगतलं. तर म्हणे, मंग मले कायले विचारतेस, काय करतेस म्हणून? पोथीच वाच. वाचली मंग दोन पानं. जनाबाई झोपून गेली."

इश्वर हसला नाही. त्याला राग आला होता, आणि रागाच्या मागे आणखी काहीतरी होतं, ते त्याला नीट दिसत नव्हतं. "हा लिहून सांगायचा खेळच नाई," तो म्हणाला. "हा तोंडानं सांगायचा आहे."

शकुनबाईने विडीचं तोंड नखाने दाबून बंद केलं. "म्हणजे तू येशीन तवाच," ती म्हणाली आणि सुपातलं पुढचं पान उचललं.

इश्वर पाटबंधारे खात्यात ट्रेसर होता. इंजिनियरांनी काढलेले नकाशे मेणकापडावर काळ्या शाईने गिरवायचे, हे त्याचं काम. वीस वर्षांत त्याने स्वतःचा असा एकही नकाशा काढला नव्हता. अक्षर सुरेख, बोलणं कमी, आणि साहेब बदलले तरी त्याचं टेबल खिडकीजवळ होतं तिथेच राही.

खेळ त्याला सापडला तो आंबागडच्या पायथ्याशी. मोजणीसाठी गेलेली जीप तिथे बंद पडली आणि सामान येईपर्यंत चार दिवस बसून राहावं लागलं. बरोबर मोजणीची साखळी धरणारा कवडू आणि त्याचे दोन सोबती होते. गप्पा संपल्या, पत्ते फाटले. समोर डोंगरावर गड होता. इश्वरने कोळशाने एका सपाट दगडावर गडाची आकृती काढली आणि सहज म्हणाला, "कवडू, समज तू या दरवाज्यापाशी उभा आहेस. राजा मरून शंभर वर्षं झाली. आत कोठार आहे. काय करशीन?"

"दरवाजा ढकलीन," कवडू म्हणाला.

"हालत नाई."

"मंग वरून कोणी पाहून राहिलं का, ते पाहीन."

असं सुरू झालं. जिथे होईल की नाही याची शंका, तिथे फोडलेले चार चिंचोके टाकायचे. तीन पांढरे वर आले तर जमलं, नाही तर नाही. जीप दुरुस्त झाली तेव्हा ते तिघं कोठाराच्या अलीकडे होते, आणि कवडूने ड्रायव्हरला तासभर थांबवून ठेवलं.

पुढे दोन वर्षांनी शकुनबाईचा नवरा बांधावर साप चावून गेला. ती बत्तीस वर्षांची होती. बोलणं तिने जवळजवळ सोडलंच. शेजारच्या मालनबाई, जनाबाई तिच्या अंगणात विड्या वळायला येऊन बसत, एवढ्यासाठीच की तिने एकटं बसू नये. पण ती 'हाव' आणि 'नाई' यापलीकडे जात नसे. इश्वर भेटायला येई. समजूत घालण्याचे शब्द त्याच्यापाशी नव्हते. एकदा काहीच सुचेना म्हणून त्याने अंगणातल्या सारवणावर गड काढला आणि बायकांना खेळात घेतलं. हात विड्यांमध्ये, कान खेळाकडे. तिसऱ्या दिवशी, कोणी विचारलेलं नसताना शकुनबाई म्हणाली, "विहिरीत उतरून पाहा. कोरड्या विहिरीत पायऱ्या असतात."

इश्वरच्या हातातून कोळसा पडला होता.

पण तो लाखनीला परतला की ती पुन्हा मुकी होई. म्हणून वही. आणि ती वही आता परत आली होती.

जाताना त्याने वही पिशवीत घातली. एसटीत बसल्यावर, रागाच्या मागे काय होतं ते त्याला दिसलं. त्याच्यावाचून खेळ चालला नाही, याचं त्याला आत कुठेतरी बरं वाटलं होतं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या रेघा गिरवणाऱ्या माणसापाशी एकच गोष्ट अशी होती, जी फक्त त्यालाच येत होती. पलीकडे बहीण गप्प बसली होती, आणि त्याला बरं वाटलं होतं. लाखनी येईपर्यंत त्याने मान वर केली नाही.

उत्तर त्याला टेबलावरच मिळालं. एका जुन्या तलावाचा नकाशा गिरवत होता. पाळ, सांडवा, विहीर, चिंचेचं झाड, गुरांच्या आखराकडे जाणारी गाडीवाट. गिरवता गिरवता लेखणी थांबली. नकाशात विहीर कुठे आहे ते असतं. माणूस कुठून येईल, आधी विहिरीवर जाईल की झाडाखाली बसेल, हे नकाशा कधीच सांगत नाही. तरी कोणीही, कुठूनही आलेला माणूस तो हातात धरून गाव फिरू शकतो.

आणि त्याने वहीत काय केलं होतं? पाच बायकांनी काय करायचं तेच दोनशे पानं लिहिलं होतं.

त्याने नवी वही घेतली. गडाच्या बावीस जागा ठरवल्या, एका जागेला एकच पान. वर मोठ्या अक्षरात चार ओळी, आत शिरताच काय दिसतं, काय ऐकू येतं. तेवढंच मोठ्याने वाचायचं. खाली बारीक अक्षरात, शोधलं तर काय सापडतं. तिथे कोणी असलं तर तो कोण, आणि त्याला काय हवं आहे. शेवटी, कोणीच काही केलं नाही तर काय होईल. 'मग ते आत जातात' अशी ओळ कुठे सापडली की तो ती खोडून काढी.

लिहून झाल्यावर त्याने वही कवडूला दिली. "तू चालव. मी बोलणार नाई."

"मले कुठी येते साहेब? मी चौथी शिकलो."

"म्हणूनच तुले देऊन राहिलो."

जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या मागच्या वऱ्हांड्यात कवडू वाचू लागला. इश्वर तोंडात सुपारी धरून समोर बसला. कवडूचं बोट एखाद्या ओळीवर अडे, तो मान वर करून इश्वरकडे पाही. सांगून टाकावं म्हणून इश्वरची जीभ वळवळे. पण तो गप्प राही आणि त्या ओळीपाशी पेन्सिलने टिंब काढी. पहिल्या दिवशी एक्केचाळीस टिंबं झाली. सगळी टिंबं त्याच्या सुरेख वाक्यांवर होती. 'काळाच्या उदरात गडप झालेली तटबंदी' यावर कवडू म्हणाला, "म्हणजे भिंत आहे का नाई, ते सांगा." इश्वरने लिहिलं, 'भिंत पडली आहे. माणूस वाकून आत जाऊ शकतो.'

चौथ्यांदा लिहिल्यावर टिंबं तीन उरली. तेव्हा तो दिघोरीला गेला.

फाल्गुनातली दुपार होती. अंगणात पाच सुपं, मधोमध कोळशाचा गड. शकुनबाईच्या गुडघ्याशी वही उघडी होती. पहिल्या जागेच्या चार ओळी तिने वाचल्या. आवाज आधी घोगरा निघाला, मग मोकळा झाला. "काय करता?" तिने विचारलं.

"मागून चढतो आमी," मालनबाई लगेच म्हणाली. "मांगच्या खेपेले अडवलं, आता पाहतोच."

शकुनबाईने पानं उलटली. सातवी जागा, मागचा कडा. "कडा आहे. करवंदीच्या जाळ्या आहेत. वर माकडं बसून आहेत," ती म्हणाली, आणि मान वर करून भावाकडे पाहून हसली. दोन वर्षांत इश्वरने तिला हसताना पाहिलं नव्हतं. तो खांबाला टेकून बसला आणि त्याने सुपारी तोंडात टाकली.

दोन दुपारी गेल्या. माकडांपाशी मालनबाईने मार खाल्ला, विहिरीत पलीकडच्या घरची कुंताबाई अडकली आणि तिला लुगड्याने वर ओढलं. सगळ्या जणी हसून हसून विड्या मोजायला विसरल्या. तिसऱ्या दुपारी त्या पहिल्यांदाच कोठाराच्या दारापाशी आल्या.

तिथे पहारेकरी होता. राजा मोहिमेवर जाताना त्याला सांगून गेला होता, मी येईपर्यंत दार सोडू नकोस. राजा आलाच नाही. पहारेकरी शंभर वर्षं तसाच उभा. मोजणीच्या मुक्कामांवर इश्वरने हा खेळ पन्नासदा तरी सांगितला असेल. या जागी पुरुषांनी पहारेकऱ्यावर दगड घातले होते, त्याला दारू पाजली होती, खोटा राजा बनून त्याला फसवलं होतं. प्रत्येक वेळी चिंचोके पडत, आरडाओरडा होई.

"भालेवाला उभा आहे," शकुनबाई म्हणाली. "दाढी छातीपर्यंत. डोळे मिटत नाई. काय करता?"

मालनबाई काही बोलणार, तेवढ्यात जनाबाईने मान वर केली. सत्तरी उलटलेली, तीन दिवसांत तिने एकदाही आपणहून काही केलं नव्हतं. "मालन म्हणन तसं" एवढंच म्हणे.

"त्याले विचार," जनाबाई म्हणाली, "जेवला का?"

इश्वर खांब सोडून ताठ बसला. असलं काही त्याच्या मनातही आलं नव्हतं. वहीत जेवणाबद्दल एक अक्षर नव्हतं. आता शकुन अडणार, आपल्याकडे पाहणार. त्याने तोंडातली सुपारी काढून हातात घेतली.

पण शकुनबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिची नजर पानाच्या खालच्या भागावर होती. तिथे लिहिलं होतं, 'याला काय हवं: आपलं काम संपलं, असं कोणीतरी सांगावं.' ती ओळ तिने मनात वाचली. त्या ओळीवर तिने बोट ठेवलं. मग बोलली तेव्हा आवाज तिचा होता, पण बोलत होता पहारेकरी.

"मले कोणी विचारलंच नाई, बाई. येतो म्हणून गेला. मी वाट पाहून राहिलो."

"नाई येत आता तो," जनाबाई म्हणाली. तिचे हात सुपात थांबले होते. "आमी आलो ना. ठेव तो भाला खाली. बस. भाकर आहे माह्यापाशी."

चिंचोके जिथे होते तिथेच राहिले. कोणाला त्यांची आठवणही झाली नाही. शकुनबाईच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"त्यानं भाला ठेवला," ती म्हणाली. "दार उघडं आहे."

इश्वर उठला, चपला न घालताच बाहेर पडला आणि तलावाच्या पाळीवर जाऊन उभा राहिला. ती ओळ त्याने लिहिली होती, हे खरं. पण त्या ओळीतून हे निघेल, हे त्याला ठाऊक नव्हतं. आपण विहीर दाखवली आणि बाईने तिच्यातून गावाला पुरेल एवढं पाणी काढलं, असं काहीतरी झालं होतं. अंगणातून बायकांचा आवाज येत होता आणि त्यात सगळ्यात मोठा शकुनचा होता.

वही पुढे दिघोरीपुरती राहिली नाही. कोणाची पोर सासरी जाताना उतरवून घेऊन गेली, कोणाची सून माहेरी. शकुनबाई स्वतः तीन-चार गावांत जाऊन चालवून आली. इश्वरला कधीमधी कळे. वहीवर त्याने नाव घातलं नव्हतं. ट्रेसर नकाशावर सही करत नसतो.

पंच्याऐंशी साली त्याला पुन्हा आंबागडच्या बाजूला जावं लागलं. चष्म्याचा नंबर वाढला होता, निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. दुपारी लाकडाच्या डेपोत सावलीला बसला, तर पलीकडे जेवण उरकलेले पाच-सहा मजूर कोंडाळं करून बसले होते. मधोमध जमिनीवर कोळशाचा गड. भैय्यालाल नावाचा डेपोवरचा पहारेदार मांडीवर जाडजूड वही घेऊन वाचत होता. अक्षर कोणाचं कोण जाणे. ओळी मात्र इश्वरला पाठ होत्या.

"कुठून आणली वही?" त्याने विचारलं.

"भावजयीनं आणली माहेरून. तिले कोणी देल्ली, मालूम नाई." भैय्यालालने त्याला न्याहाळलं. "बसता का साहेब? खेळले का कधी?"

इश्वरच्या ओठांवर काहीतरी आलं. ते त्याने गिळलं. "नाई," तो म्हणाला. "मले नेहमी पाहायलाच बसवलं."

त्यांनी सरकून त्याला जागा दिली. त्यांचा खेळ कोठारापर्यंत आलाच होता. पहारेकरी बाजूला झाला, दार उघडलं, आत धानाच्या कणग्या दिसल्या. इथे गड संपत होता. बाविसावं पान. इश्वर कौतुकाने मान हलवत उठायच्या बेतात होता.

भैय्यालालने पान उलटलं. मागे आणखी पानं होती.

"कणग्यांच्या मांगं खाली उतरायच्या पायऱ्या आहेत," तो वाचू लागला. शाई वेगळी, अक्षरही वेगळं. "खालून थंड हवा येऊन राहिली. पाणी वाहल्याचा आवाज आहे. पाण्यापलीकडे कोणीतरी दिवा घेऊन उभं आहे, अन् त्यानं तुम्हाले पाहिलं."

सगळे नव्या माणसाकडे पाहू लागले. पहिल्यांदा बसलेल्याला पहिला मान द्यायचा, असा त्यांचा रिवाज दिसत होता.

"सांगा साहेब."

इश्वर पुढे सरकला. कोळशाच्या रेघा जिथे संपत होत्या, त्याच्यापलीकडची जमीन कोरी होती. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हात तिच्यावर ठेवले.

"मले जरा वेळ द्या," तो म्हणाला.