पुरात अडकलेलं स्थळ

पावणं आले तेव्हाच रस्त्यातल्या ओढ्याच्या मोरीवरनं पाणी चाललं होतं. जयसिंगपूरच्या एसटीचा कंडक्टर फाट्यावर घसा फोडून सांगत होता, "ही शेवटची खेप हाय! माघारी जायचंय त्यांनी उतरूच नका!" हे सगळ्या गाडीला ऐकू गेलं. नेसरीच्या ईराप्पा मामांना तेवढं ऐकू गेलं नाही, कारण मोठ्या माणसाला कंडक्टरचं बोलणं ऐकू येत नसतं. भाचा चन्नाप्पाला घेऊन ते ऐटीत उतरले, छत्री उघडली आणि म्हणाले, "आमी डोंगराकडची माणसं. असलं पाणी आमची गुरं पित्यात."

हे सगळं शिवगंगेला मागनं कळलं. त्या वेळी ती आतल्या खोलीत नवं लुगडं नेसून घामानं भिजत बसली होती. आधी दोन स्थळं तिच्या काळ्या रंगावरनं परत गेलेली. तिसरं हे. चन्नाप्पा साखर कारखान्यात कारकून, बाप नाही, मामाच कर्ता. शिवगंगेचा बाप गुरुसिद्ध म्हणजे मुलखाचा भिडस्त माणूस. अंगणात दुसऱ्याची म्हैस शिरली तरी तिला 'हाड' म्हणायला कचरायचा. "ह्या बारीला जमलं पायजे," एवढं एकच तो आठ दिवस घोकत होता.

तिला पाटावर बसवलं. नाव विचारलं, भाकरी येते का विचारलं. नाव शिवगंगा, भाकरी येते. झालं. बघणं म्हणजे तेवढंच असतं की! अर्धा तास, एक बशी पोहे, आणि जन्माचा निकाल. मामा म्हणाले, "रंग जरा दबलेला हाय. बघू, कळवू," आणि पान चघळत उठले.

उठून जाणार कुठं? फाट्यापर्यंत गेले आणि गुडघाभर चिखल घेऊन परत आले. रस्ता गडप झाला होता. फाट्यापासून मोरीपर्यंत नुसतं तांबडं पाणी, आणि त्यातनं बाभळीचे शेंडे तेवढे वर आलेले.

त्या रस्त्याचं काय सांगावं! दर निवडणुकीला कुणीतरी पुढारी यायचा, मोरीजवळ नारळ फोडायचा, "हितं उंच पूल होणार" म्हणायचा. खोबरं पोरं खायची, पूल कागद खायचे. कृष्णा-पंचगंगेला एवढी अक्कल होती, की दरवर्षी येऊन बघून जायच्या, झाला का पूल. न्हाई? बरं, मग आमीच बसतो रस्त्यावर.

"तुमच्या गावाला रस्ता हाय का चेष्टा?" मामा गुरुसिद्धावरच डाफरले, जणू पाऊस त्यानंच पाडला होता. गुरुसिद्ध हात जोडून म्हणाला, "चुकलं पावणं." शिवगंगेनं दाराआडनं ते ऐकलं आणि तिच्या कपाळाची शीर उडाली.

घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातली गत. पाणी चढत होतं. खालच्या आळीतली लालबी, तिची पोटुशी सून सलमा आणि त्यांच्या दोन शेळ्या गुरुसिद्धाच्या पडवीत राहायला आल्या. लालबीचा पोरगा गौस इचलकरंजीला मागावर कामाला; तो पाण्याच्या पलीकडं अडकलेला. हे बघून मामांचं नाक वर गेलं. "आमच्यात असलं चालत न्हाई. एका छपराखाली..." शिवगंगा चुलीपुढनं पुटपुटली, "मग दुसरं छप्पर बघा की, गावात लई रिकामी पडल्यात!" अव्वानं, तिच्या आईनं, तिला चिमटा काढला. "गप. जावई व्हायचंत."

जावई व्हायचे होते ते बाजल्यावर पाय घेऊन बसले होते. पांढरी टेरिलिनची प्यांट, खिशाला पेन, मांडीवर ट्रान्झिस्टर. गावात माणसं वैरण माळ्यावर चढवत होती, धान्याची पोती उचलत होती, आणि हा बाबा कानाला पेटी लावून सांगत होता, "ह्या मार्गावरची वाहतूक बंद हाय, असं रेडिओत सांगितलंय." अरे माझ्या कर्मा! दारात पाणी उभं हाय आणि ह्याला रेडिओनं सांगाय लागतंय. आणि रेडिओचं झालं की हाक, "जरा चा मिळंल का?"

चहा मिळाला. आंघोळीला कढत पाणी मिळालं, ओल्या जळणाच्या धुरानं अव्वाचे डोळे सुजले तरी मिळालं. मामांना भाकरीवर तूप लागायचं, तेही मिळालं. पाणी गोठ्यात शिरलं त्या दिवशी शिवगंगा आणि गुरुसिद्ध कमरेएवढ्या पाण्यातनं म्हशी बाहेर काढत होते. एक म्हैस बुजली, दावं तुटलं, आणि ती सरळ घराच्या पुढच्या सोप्यात घुसली. चन्नाप्पानं काय केलं? पाय वर घेतले. प्यांटीला शिंतोडा उडू नये म्हणून दोन्ही हातांनी तिची टोकं वर धरून बाजल्यावर उकिडवा बसला आणि ओरडला, "ओ, धरा की कुणीतरी!" म्हैस शिवगंगेनं धरली. पडवीतनं अवघडलेली सलमा सुद्धा हसली, आणि म्हणाली, "शिवगंगा, ह्याच्यापरीस म्हैस बरी गं."

शिवगंगेला हसू आलं नाही. तिला भीती वाटली. कारण त्याच संध्याकाळी मामांनी मिशीला पीळ देत जाहीर केलं, "पोरगी कामाला वाघ हाय. आमास्नी पसंत! सुपारी फोडून टाकू."

गुरुसिद्धाच्या डोळ्यांत पाणीच आलं. अव्वानं शिवगंगेच्या तोंडात साखर कोंबली. पोरीला विचारायचं कुणाच्या मनातही आलं नाही. वाघाला कोण विचारतं? साखर तोंडात विरघळत होती आणि तिला पुढचं सगळं दिसत होतं. जन्मभर ह्या माणसाच्या बाजल्याभोवती म्हशी धरत फिरायचं. तिला वाटलं, पाणी अजून हातभर चढावं आणि सुपारीचं ताट वाहून जावं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताट मांडलं. तेवढ्यात पडवीतनं सलमाची किंकाळी आली. गावची सुईण पोट चाचपून बाहेर आली ती तोंड पाडूनच. "पोर आडवं हाय. हे माझ्या हातचं काम न्हाई. जयसिंगपूरला न्यायला पायजे, आत्ताच्या आत्ता."

जायचं कशानं? नाव नव्हती. गुऱ्हाळवाला जोतीराम होता, आणि त्याची काहील होती. उसाचा रस आटवायची ती पत्र्याची भली मोठी कढई. पुराच्या दिवसांत तीच गावाची होडी. आत कशीबशी तीन माणसं मावायची, दोन पोहणारे गडी कड्यांना धरून बाहेरनं ढकलायचे. जोतीरामानं काहील गुरुसिद्धाच्या पायरीला आणून लावली आणि ओरडला, "चला, लवकर आणा तिला! मोरीजवळ ओढ वाढाय लागलीया. अंधाराच्या आत एकच खेप हुईल."

लालबी आणि सुईण सलमाला दोन्हीकडनं धरून बाहेर आल्या, तर काहिलीत चन्नाप्पा बसलेला! मांडीवर पिशवी, पिशवीवर ट्रान्झिस्टर. मामा पायरीवर एक पाय आत टाकायच्या बेतात.

"पावणं, उतरा," जोतीराम म्हणाला. "बाई अडलीया."

"आमी चार दिस अडलोय!" मामा कडाडले. "ह्याची कारखान्यात रजा संपली. आदी पावणं, मग घरची, अशी रीत हाय. आमच्या आईनं आठ पोरं चुलीपाशी जन्माला घातली. कुठं गेलती दवाखान्यात?"

लालबी पायरीवर बसली आणि पदर पसरला. "पाया पडते, भाऊ. पोरगी हातची जाईल माझी."

चन्नाप्पानं तिच्याकडं बघितलंच नाही. तो पिशवीचा बंद घट्ट करत होता.

जोतीराम गुरुसिद्धाकडं वळला. "काका, पावणं तुमचं. तुमी बोला."

सगळ्यांच्या नजरा गुरुसिद्धावर. त्याच्या हातात सुपारीचं ताट तसंच होतं. मामांनी बोट रोखलं. "ह्यो खाली उतरला तर सोयरीक मोडली म्हणून समजा! तीन स्थळं माघारी गेलेल्या काळ्या पोरीला चौथा कोण ईत न्हाई, एवढं ध्यानात ठेवा."

गुरुसिद्ध ताटासकट हात जोडू लागला. शिवगंगेनं बापाकडं बघितलं आणि तिला कळलं, हा माणूस आता 'चुकलं पावणं' म्हणणार. ती पाण्यात उतरली. चन्नाप्पाच्या मांडीवरनं ट्रान्झिस्टर उचलला, पायरीवर ठेवला. पिशवी उचलली, पायरीवर ठेवली.

"ए, ए!" तो दचकला. "मी हिला पसंत केलीया, आणि ही मलाच..."

"मी न्हाई केलं पसंत," ती म्हणाली. "मला कुणी इचारलंच न्हाई, न्हाईतर पयल्या दिवशीच सांगितलं असतं. अप्पा, सोयरीक मोडती तर मोडू दे. मी घरात बसून म्हातारी हुईन, पर ह्यो त्या काहिलीतनं गेला आणि सलमा हितं मेली, तर मला ह्याचं तोंड रोज बघाय लावू नका."

मग गुरुसिद्धानं ताट कट्ट्यावर ठेवलं. धोतराचा काचा मारला, पाण्यात उतरला आणि काहिलीची कडी धरली. काहील पायरीशी घट्ट ओढून धरली.

"पावणं, उतरा."

तेवढंच बोलला. आवाजही मोठा नव्हता. पण उभ्या जन्मात ह्या माणसानं कुणाला असं सांगितलेलं गावानं ऐकलं नव्हतं. चन्नाप्पा उतरला. पाणी टेरिलिनच्या प्यांटीला थेट पट्ट्यापर्यंत भिडलं. सलमाला आत निजवलं, लालबी आणि सुईण बसल्या, आणि जोतीराम आणि त्याचा गडी काहील ढकलत निघाले.

आता गंमत बघा. सोयरीक मोडली, मामा संतापले, "ह्या घरात पाण्याचा घोट घेणार न्हाई!" म्हणून गरजले, ताडताड मागच्या दारानं निघाले आणि दहा पावलांवर थांबले. पुढं पाणी. मागं तेच घर. राग कितीही खरा असला तरी त्याला चालायला रस्ता लागतो. मामा पायरीवरच पाठ फिरवून बसले, पाऊस वाढला तसे सोप्यात आले, आणि दिवेलागणीला भाकरीचा वास आला तसे पाटावर येऊन बसले.

शिवगंगेनं वाढलं. सोयरीक मोडलेल्या पोरीच्या हातची भाकरी दोघांनी मान खाली घालून खाल्ली. तूप कुणी मागितलं नाही. गुरुसिद्ध शेजारी जेवत होता. त्यानं कित्येक दिवसांनी दुसरी भाकरी मागून घेतली.

सकाळी पाऊस उघडला आणि जोतीराम लांबूनच ओरडत आला, "मुलगी झाली! दोघी बी खुशाल हाईत!" अव्वा रडायलाच लागली. शिवगंगा चुलीपुढं बसली आणि मनसोक्त हसली.

काहील आता रिकामीच होती. मामा सगळ्यांच्या आधी जाऊन बसले आणि कुणाचा निरोप न घेता पलीकडच्या काठाकडं बघत राहिले. चन्नाप्पा पायरीवर घुटमळला. प्यांट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, तिच्यावर चिखलाचे डाग. शिवगंगा ट्रान्झिस्टर द्यायला आली तेव्हा तो हळूच म्हणाला, "एक इचारू? रागावू नका. आमच्यात असं काय वाईट दिसलं तुमास्नी?"

तिच्या जिभेवर किती तरी तयार होतं. बाजलं होतं, चहा होता, म्हैस होती. पण हा माणूस खरंच विचारत होता. त्याला खरंच ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची पाळी त्याच्यावर ह्याआधी कधी आली नव्हती.

"रस्ता चालू असता तर काईच दिसलं नसतं," ती म्हणाली. "अर्ध्या तासात बघून गेला असता, होकार कळवला असता, आणि दिवाळी सरली की मी तुमच्या घरात आले असते."

बोलून झालं आणि तिच्याच अंगावर काटा आला.