कानशीच्या खुणा

काटेसाहेबांनी दुर्बिणीच्या माउंटच्या खालच्या खिट्टीवरून अंगठा फिरवला, थांबवला, पुन्हा फिरवला. तिथे एक खाच होती. वरच्या खिट्टीवर दोन. कुणीतरी अगदी अलीकडे कानस चालवली होती. कडा अजून बोटाला बोचत होत्या.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

दुकानाच्या मालकीणबाई एका दुर्बिणीची काच पुसत होत्या. "काय, साहेब?"

"कानशीच्या खुणा."

काटेसाहेब वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले. हे नाव बाजारातल्या दुकानदारांनी त्यांना पाठीमागे ठेवलं आणि पुढे ते तोंडावरही चालू लागलं. वजनावर कानस फिरलेली दिसली की समजावं, कुणीतरी कुणालातरी शेंडी लावतोय. अशी वजनं त्यांनी चौतीस वर्षं पोत्यांनी जप्त केली. मग माणूसही तसाच झाला. सख्ख्या बहिणीनं आणलेली पिशवी आधी हातात तोलून बघायचे, नंतर 'ये, बस' म्हणायचे.

आज तर दुकानात पाऊल टाकल्यापासून त्यांना वाटत होतं, कुठंतरी पाणी मुरतंय. ते आले होते छोट्या माउंटसाठी. माउंट म्हणजे दुर्बिणीखालची घोडी. छोटी घोडी चार किलोची. एका हातात उचलावी, गच्चीवर न्यावी, कुणाला हाक मारायला नको. ही हाक मारायला लागू नये म्हणून तर सगळा खटाटोप. त्यांच्या नजरेच्या ऐन मधोमध एक धुरकट डाग बसला होता आणि तो वाढत होता. डॉक्टर म्हणाले होते, वर्ष, फार तर दीड. दुर्बिणीला डोळा लावून आता काही दिसत नव्हतं. पण कॅमेरा लावला, त्यानं पाच-पाच मिनिटं उजेड गोळा केला आणि तो फोटो मोठ्या पडद्यावर घेतला, तर कडेकडेनं का होईना, नोकरीच्या नादात बघायचे राहून गेलेले तेजोमेघ बघून होणार होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीला तर मुळीच नाही. तिनं दुसऱ्याच दिवशी त्यांना बॅगेसकट आपल्या घरी नेलं असतं.

पण छोटी घोडी बघून बाईंनी नाक मुरडलं होतं.

"ही नुसती वर-खाली आणि डावी-उजवी होते. डोळ्यांनी बघायला झकास. आकाश मात्र तिरकं फिरतं, साहेब. फोटोत ताऱ्यांच्या शेपट्या येतील." मग त्यांनी कोपऱ्यातल्या धुडाकडे बोट केलं. "हिचा आस ध्रुवाकडे लावायचा आणि मोटर सुरू करायची. ही आकाशाबरोबर फिरते. नवशिक्यानं एक वेळ दुर्बीण लहान घ्यावी, पण घोडी दणकटच."

इथवर त्यांना पटलं होतं. पण तिपाई आणि मागचं लोखंडी वजन धरून प्रकरण जायचं अठ्ठावीस किलोवर. त्यात सोबत आलेली मुलगी, जिला दुर्बिणीतलं ओ की ठो कळत नाही, ती एकदम म्हणाली, "बाबा, हीच घ्या." काटेसाहेबांनी समोरच्या फळीकडे बघण्याचा बहाणा केला. समोरचं दिसत नसलं तरी कडेचं त्यांना चांगलं दिसायचं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलेलं त्यांना बरोबर दिसलं.

आणि आता त्याच धुडावर या खुणा.

"अंधारात हाताला कळावं म्हणून असतात त्या," बाई म्हणाल्या. "सगळ्यांनाच असतात."

काटेसाहेब शांतपणे फळीपाशी गेले. तिथल्या तिन्ही घोड्यांच्या खिट्ट्या त्यांनी एकेक करून चाचपल्या. गुळगुळीत.

"सगळ्यांना?" ते वळले. "वापरलेला माल नवा म्हणून गळ्यात मारताय. आणि हिलाही फितवून ठेवलंय."

"बाबा, हळू बोला."

"का हळू? आपण आत आलो तेव्हा या तुला 'आलात?' म्हणाल्या. पहिल्यांदा येणाऱ्या गिऱ्हाइकाला कुणी असं म्हणतं होय? तू आधी येऊन गेलीस इथं."

मुलीनं खांद्यावरची पर्स सारखी केली. तिची पर्स सरळच होती.

"आले होते. काल. त्या खुणा माझ्यामुळे आहेत."

"कशाला?"

"तुम्ही हल्ली जिना मोजत उतरता, बाबा. कप उचलायच्या आधी टेबलावरून हात सरकवत नेता. पेपर समोर धरता आणि पान उलटत नाही. मी डॉक्टरांना भेटून आले."

काटेसाहेबांना आधी सणकून राग आला. अख्ख्या बाजाराचं खोटं पकडणाऱ्या माणसाचं खोटं घरातल्या घरात पकडलं गेलं होतं. मग राग ओसरला आणि खाली नुसती भीती उरली. गेले सात महिने ही भीती ते एकट्यानं सांभाळत होते. त्यांनी जवळचं स्टूल पायानं चाचपलं आणि त्यावर बसले.

"एक खाच म्हणजे खालची खिट्टी, दोन म्हणजे वरची," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "दुर्बीण धरायच्या चापाला तीन आहेत. मी यांना म्हटलं, कारागिराकडून करून घेऊ. ऐकेनात. दुपारभर इथंच घासत बसल्या होत्या."

"हिनं केल्या?"

ते मुलीकडे वळले. सरळ बघितलं तर तिच्या चेहऱ्याच्या जागी धूरच होता. त्यांनी हात पुढे केला, शोधत शोधत तिचा हात धरला. अंगठ्याला आणि त्याच्या शेजारच्या बोटाला पट्ट्या होत्या. सकाळपासून ती त्यांच्या बाजूनं चालत होती, बसमध्ये शेजारी बसली होती, आणि पट्ट्या त्यांच्या लक्षात आल्या नव्हत्या.

"कानस अशी धरतात होय?" ते म्हणाले. "कडा तशाच ठेवल्यास सगळ्या."

"पहिल्यांदाच धरली."

त्यांनी तिच्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवला.

"आपल्याकडे चार जिने आहेत. हे धूड मला एकट्याला वर न्यायला जमायचं नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणून तर हीच घ्या म्हटलं."

बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "मग कुठली बांधू, साहेब?"

काटेसाहेबांनी मुलीचा हात सोडला नव्हता.

"हिला विचारा," ते म्हणाले.