पेन्सिलीची जागा

तोंड खोटं बोलतं, डोळे फसवतात. माणसाचे कान मात्र जन्मात कुणाला दगा देत नाहीत. हा सिद्धांत सुताराने भर वर्कशॉपमध्ये जाहीर केला, तेव्हा तो केव्हाचा पेन्सिल शोधत होता आणि पेन्सिल त्याच्या उजव्या कानावर होती.

"बाबा, कान," लेक रंधा न थांबवता म्हणाली.

घराच्या खालीच बापलेकीचं वर्कशॉप होतं. दोघांचे कान एकाच साच्यातले, डोक्याशी फटकून राहणारे. इतरांना कान टवकारावे लागतात, यांचे जन्मापासून टवकारलेले. पेन्सिलीला अशी ऐसपैस बैठक दुसरीकडे मिळायची नाही, असं सुतार गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगे. हल्ली मात्र लेक कानांवरून केस सोडून कामाला येई आणि पेन्सिल खिशात ठेवी. सुताराच्या मनात पहिली पाल चुकचुकली ती तेव्हा.

दुसरी चुकचुकली जिन्यात. वर बायको आपल्या बहिणीशी फोनवर दबक्या आवाजात बोलत होती.

"मागून छेद देतात म्हणे. टाके घातले की कान डोक्याला चिकटून बसतात. ह्यांना इतक्यात कळायला नको गं, घर डोक्यावर घेतील."

सुताराने कठडा घट्ट धरला. 'ह्यांना' म्हणजे आपल्याला. आणि एवढे मोठे कान घरात दुसरे कुणाचे? लेकीचेही होते, पण संशयाला एका वेळी एकच माणूस दिसतो, आणि तो बहुधा आपणच असतो.

दुपारी त्याला डुलकी लागली. डोळा उघडला तर बायको मोबाइल त्याच्या डाव्या कानाशी धरून उभी.

"काय करतेस?"

"डास होता."

"डासाचा फोटो काढतात?"

"मोठा होता."

त्या दिवसापासून सुतार डोक्याला टॉवेल गुंडाळून झोपू लागला. बायकोने पुढे केलेल्या चहाचा पहिला घोट तो तिलाच घ्यायला लावी. "एवढं प्रेम कधीपासून?" तिने विचारलं. तिला पेंग येते का, हे तो निरखत राहिला. ऑपरेशनआधी भूल देतात, हे त्याला ठाऊक होतं.

शेवटी जेवताना त्याने ताट बाजूला सारलं. "माझ्या कानांना कुणी हात लावलेला मला खपणार नाही."

"तुमच्या कानांना कोण हात लावतंय?" बायको म्हणाली.

"मग टाके कुणाला? फोटो कशाला?"

मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. लेकीने केस मागे सारले.

"टाके मला, बाबा. डॉक्टर विचारत होते, घरात आणखी कुणाचे असे आहेत का. म्हणून तुमचा फोटो."

सुताराने तिच्या कानांकडे पाहिलं. स्वतःचे कान राखायला तो टॉवेल बांधून बसला होता आणि ते भलत्याच दाराने निघाले होते.

"पण ते माझे कान आहेत," तो म्हणाला.

"म्हणूनच तर सांगितलं नाही."

मग त्याने विचारलं, "शाळेत काही म्हणायचे का तुला?"

"चषक. दोन कानांचा."

"मला कढई म्हणायचे." त्याने ताट पुन्हा पुढे ओढलं. "म्हणजे घराण्याने प्रगतीच केली म्हणायची."

हसली ती बायको. लेकीने मान खाली घातली होती.

ऑपरेशन झालं. लेक पट्टी बांधून घरी बसली, तोवर सुताराने रंधा मारता मारता एक भाषण तयार केलं. त्यात घराणं होतं, रक्त होतं, बापाचं काळीज होतं, आणि शेवटी क्षमा होती. पट्टी सुटून लेक वर्कशॉपमध्ये आली. कान शहाण्यासारखे डोक्याला लागून बसले होते. सुताराने घसा खाकरला.

लेकीने फळीवर रेघ मारली, जुन्या सवयीने पेन्सिल कानाकडे नेली आणि जागा न सापडून थबकली.

"बाबा, ही जरा तुमच्या डाव्या कानावर ठेवता?"